बेसी कोलमनची राहून गेलेली विमानशाळा

घनसावंगी तालुक्यातील आमच्या कुंभार पिंपळगाव परिसरात कापूस वेचणाऱ्या आईबापांची मुले आता बारावी विज्ञानापर्यंत पोहोचली आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर ही स्वप्ने वस्तीला नवी राहिलेली नाहीत. परंतु एखाद्या मुलीने पायलट व्हायचे म्हटले, की घरातले हसतात आणि बाहेरचे खर्चाचा आकडा सांगून तिला गप्प बसवतात. आकडा खोटा नसतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायला आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातील प्रत्येक तासाला इंधन, यंत्र आणि प्रशिक्षक यांचे पैसे मोजावे लागतात. गोंदिया असो, बारामती असो की धुळे, अल्पभूधारकाने सातबारा गहाण ठेवला तरी भागणार नाही अशी ती रक्कम होते. परवाना हातात आला तरी विमान कंपनी लगेच दारात उभी करत नाही. मोठ्या प्रवासी विमानाचे प्रशिक्षण वेगळे आणि त्याचे लाखो रुपयेही वेगळे. म्हणून जगभरातील बिनपैशाच्या वैमानिकांनी एक वाट शोधून काढली. आधी कसेबसे स्वतः शिकायचे, मग उड्डाण प्रशिक्षक म्हणून दुसऱ्यांना शिकवायचे, त्या पगारावर पोट भरायचे, उड्डाणाचे तास वाढवायचे आणि पुढच्या प्रशिक्षणाची फी जमवायची.

ही वाट आंबेडकरी माणसाला अनोळखी असण्याचे कारण नाही. बाबासाहेब १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले ते शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली. पगार साडेचारशे रुपये. त्या पगारात परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसे शिल्लक टाकले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज त्यात घातले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला गेले. दुसऱ्यांना शिकवून स्वतःच्या शिक्षणाची फी उभी करणे म्हणजे काय, हे आम्ही आमच्या घरातच पाहिलेले आहे.

त्याच १९२० सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरातली एक कृष्णवर्णीय तरुणी विमान शिकण्यासाठी फ्रान्सच्या बोटीत बसली. तिचे नाव बेसी कोलमन. आमच्या चळवळीला मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा ब्लॅक पँथरचे नाव आमच्या तरुणांच्या ओठावर होते. बेसी कोलमन मात्र आमच्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. ती आज सांगावीशी वाटते, कारण तिचा सगळा जन्म फीच्या प्रश्नाशी झगडण्यात गेला.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातील अटलांटा या लहानशा गावी झाला. तारखेकडे वाचकांचे लक्ष जाईलच. तो निव्वळ योगायोग आहे. तेरा भावंडांत ती दहावी. आईवडील बटईने शेती करणारे. जमीन गोऱ्याची, राबणारे हे, आणि वाटणीचा हिशेब पुन्हा गोऱ्याच्याच वहीत. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, पण बटईचा हिशेब माणसाला कर्जातून वर येऊ देत नव्हता. मराठवाड्यात सालगड्याची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

ती लहान असतानाच कुटुंब वॉक्साहाची या कापसाच्या गावी आले. वडिलांच्या अंगात कृष्णवर्णीयांबरोबर अमेरिकेतील मूळनिवासी आदिवासींचेही रक्त होते. टेक्सासमध्ये आपल्याला माणूस म्हणून जगता येणार नाही असे ठरवून १९०१ साली ते आदिवासींच्या प्रदेशात, आजच्या ओक्लाहोमात निघून गेले. आई सुसान गेली नाही. तिने गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करून मुले वाढवली. नऊ वर्षांच्या बेसीवर धाकट्या बहिणींना सांभाळण्याची जबाबदारी आली. शाळा चार मैलांवर, एका खोलीची, फक्त काळ्यांच्या मुलांसाठी. कापूस फुटला की शाळा बंद आणि सगळी मुले वेचणीला. आमच्याकडेही दिवाळीनंतर अनेक वर्गांत बाकडी रिकामी पडतात. कापूस वेचायला नाही तर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांची ती बाकडी असतात.

बेसीला कापूस वेचण्याचा मनस्वी तिटकारा होता आणि वेचणीत ती कधीच हुशार नव्हती. हुशार होती ती गणितात. म्हणून वजनकाट्याजवळ घरच्यांनी तिला उभी केली. कोणाचा किती कापूस झाला, मुकादमाने किती लिहिला, हे ती पाहायची. ज्याला हिशेब येतो त्याला मापात मारता येत नाही, एवढे ज्ञान या मुलीला वयाच्या दहा-बारा वर्षांतच झाले होते.

धुणे धुवून साठवलेल्या पैशांवर १९१० साली ती ओक्लाहोमातील लँग्स्टन येथील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात दाखल झाली. एक सत्र झाले आणि पैसे संपले. परत वॉक्साहाची, परत गोऱ्यांचे कपडे. फीअभावी शाळा सुटण्याचा हा पहिला प्रसंग.

१९१५ च्या सुमारास ती शिकागोला भावांकडे गेली. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय त्या काळात उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे निघाले होते. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. शिकागोत बेसीने नखे निगुतीने कापून, घासून, रंगवून देण्याचे काम शिकून घेतले आणि एका केशकर्तनालयात ती ते काम करू लागली. खिडकीशी बसून गिऱ्हाइकांची नखे घासताना महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या विमानांच्या गोष्टी तिच्या कानावर पडत. तिचा भाऊ जॉन फ्रान्समध्ये लढून आला होता. फ्रान्समधल्या बायका विमाने उडवतात, तुम्हा काळ्या बायकांना ते कधी जमायचे नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून तो तिला डिवचत असे. भावाने थट्टा केली आणि बहिणीने ती मनावर घेतली.

तिने अमेरिकेतील विमानशाळांकडे विचारणा केली. सगळीकडून नकार आला. काळी म्हणून नकार आणि बाई म्हणूनही नकार. नकाराला कायद्याचा आधारही होता. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यात काळ्यांना वेगळे बसवणे घटनाबाह्य नाही असे ठरवले होते. डबे वेगळे पण दर्जा समान, असा तो युक्तिवाद. वेगळेपण पाळले गेले, समान दर्जा कागदावर राहिला. आणि विमानशाळांनी तर काळ्यांसाठी वेगळा डबादेखील जोडला नव्हता.

अशा वेळी तिने गाठले ते एका वृत्तपत्राच्या संपादकाला. रॉबर्ट ॲबट हे त्यांचे नाव आणि शिकागो डिफेंडर हे त्यांचे पत्र. या माणसाबद्दल आम्हाला दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. ॲबट यांनी १८९९ मध्ये शिकागोतून कायद्याची पदवी घेतली होती. पण त्यांचा रंग इतका गडद होता की कोर्टात तुमची छाप पडणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले, आणि सांगणारा वकील स्वतः उजळ रंगाचा कृष्णवर्णीयच होता. पोटजातीची उतरंड फक्त आपल्याकडेच असते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वकिली जमली नाही तेव्हा ॲबट यांनी १९०५ साली पंचवीस सेंट भांडवलावर, घरमालकिणीच्या घरात टेबल मांडून वृत्तपत्र काढले. पहिल्या अंकाच्या तीनशे प्रती. पुढे रेल्वेच्या डब्यांत नोकरी करणारे कृष्णवर्णीय परिचर हे पत्र लपवून दक्षिणेत नेत, आणि एकेक प्रत अनेक घरांत फिरून वाचली जाई. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले तेव्हा तिकडे डिफेंडर पंधरा वर्षांचे होत आले होते. ज्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही त्यांना स्वतःचे पत्र काढावे लागते, हे दोन्हीकडे एकाच काळात कळलेले होते.

ॲबट यांनी बेसीला सल्ला दिला तो व्यवहाराचा. इथे दार ठोठावत बसू नकोस, फ्रान्समध्ये काळ्यांना आणि बायकांनाही शिकवतात, तिकडे जा, त्यासाठी फ्रेंच शिक आणि पैसे साठव. बेसीने बर्लिट्झच्या भाषावर्गात फ्रेंच शिकायला घेतली. नखांचे काम सोडून जास्त पैशांसाठी एक खानावळ चालवायला घेतली. जेसी बिंगा या कृष्णवर्णीय बँकरने आणि ॲबट यांनी थोडा हात दिला. ॲबट यांच्या मदतीमागे वृत्तपत्राचा खप वाढवण्याचा हेतू होता असे म्हणणारे आहेत. असेलही. समाजाची मुलगी शिकते आहे आणि त्यात पत्राचाही खप वाढतो आहे, यात आम्हाला वावगे काही दिसत नाही.

२० नोव्हेंबर १९२० रोजी तिने अमेरिका सोडली. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुखाशी ले क्रोत्वा नावाचे गाव आहे. तिथे कोड्रॉन बंधूंची विमानशाळा होती. शिकायचे विमान न्यूपोर्ट जातीचे, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून तारांनी बांधलेले. त्याला मोटारीसारखे चाक नाही की ब्रेक नाही. हातात एक दांडा आणि पायाखाली एक आडवी पट्टी, एवढ्यावर सगळे उड्डाण. विद्यार्थी पुढच्या माणसाच्या हालचाली बघून शिकायचा. दर वेळी उडण्याआधी तारा, पंख, पट्ट्या स्वतः तपासायच्या, कारण एखादी तार निसटली तर खाली उतरायला फक्त देह उरायचा. तिच्यादेखत एक सहाध्यायी अपघातात गेला. ती हादरली, पण थांबली नाही. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तिने सात महिन्यांत संपवला. १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय विमानविद्या संघटनेचा परवाना तिच्या हाती आला. हा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय आणि मूळनिवासी रक्ताचीही पहिली स्त्री होय.

सप्टेंबर १९२१ मध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा वार्ताहर जमले. कौतुक झाले. नोकरी कोणी दिली नाही. प्रवासी विमान कंपन्या तेव्हा अमेरिकेत बाल्यावस्थेत होत्या. वैमानिकाला टपाल वाहून नेण्याचे काम मिळे, नाहीतर गावोगाव कसरती दाखवून तिकिटावर पोट भरावे लागे. टपालाचे काम सरकारचे आणि गोऱ्यांचे. उरली कसरत. पण कसरतीसाठी तिला आलेली विद्या पुरेशी नव्हती आणि तिला अधिक शिकवायला अमेरिकेत अजूनही कोणी तयार नव्हते. फेब्रुवारी १९२२ मध्ये ती पुन्हा समुद्र ओलांडून गेली आणि फ्रान्स, हॉलंड, जर्मनी इथे शिकून ऑगस्टमध्ये परतली.

याच सुमारास तिच्या मनात पक्के झाले की आपल्या माणसांसाठी विमानशाळा काढायची. आपल्याला शिकायला दोनदा महासागर ओलांडावा लागला, पुढच्याला तो ओलांडावा लागू नये, एवढा साधा तिचा हिशेब होता. तिला स्वतःला प्रशिक्षक व्हायचे होते. विमान चालवणे हे तिच्या दृष्टीने शाळेचे भांडवल उभे करण्याचे साधन होते, आणि आमच्या मते ती इतर कसरतपटूंपेक्षा वेगळी ठरते ती इथे.

३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस मैदानावर तिचे पहिले जाहीर उड्डाण झाले. महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीयांच्या ३६९ व्या पायदळ पलटणीच्या सन्मानार्थ ते होते आणि प्रायोजक डिफेंडर. पुढच्याच महिन्यात शिकागोत प्रयोग झाला. चित्रपटातही तिला घेतले. कंपनी कृष्णवर्णीयांचीच होती. पहिल्या दृश्यात तिने फाटके कपडे घालून, हातात काठी आणि पाठीवर गाठोडे घेऊन शहरात यायचे होते. ती उठून निघून गेली. गोऱ्यांना काळ्या माणसाचे जे चित्र आवडते ते आपल्या अंगावर चढवायला तिने नकार दिला. पैसा हवा असताना दिलेला हा नकार होता, कारण चित्रपटाचे मानधनही शाळेसाठीच जायचे होते. लोक तिला लहरी म्हणू लागले. तिच्या स्वभावात तऱ्हेवाईकपणा होता हे खरे. व्यवस्थापकांशी तिचे पटत नसे, वार्ताहरांना ती वय कमी सांगायची, स्वतःबद्दल थोडे वाढवूनही बोलायची. कर्तबगार बाईचा स्वभाव चर्चेला घेण्याची सवय कोणत्याही समाजाला असते, आमच्या चळवळीलाही आहे.

कॅलिफोर्नियात एका टायर कंपनीची जाहिरातपत्रके आकाशातून टाकण्याचे काम तिने घेतले आणि सैन्याने मोडीत काढलेले जेनी जातीचे जुने विमान चारेकशे डॉलरला विकत घेतले. स्वतःच्या मालकीचे हे पहिले विमान. फेब्रुवारी १९२३ मध्ये लॉस एंजेलिसला प्रयोगासाठी निघाली असताना इंजिन बंद पडले आणि विमान कोसळले. पाय मोडला, बरगड्या मोडल्या, विमानाचा चुराडा झाला. दवाखान्यातून तिने तार पाठवून कळवले की चालता येऊ लागताच आपण पुन्हा उडणार आहोत. तसे व्हायला दोन वर्षे लागली, कारण हाड जुळले तरी दुसऱ्या विमानाचे पैसे जुळत नव्हते.

१९ जून १९२५ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टनला ती पुन्हा आकाशात गेली. १८६५ साली याच तारखेला टेक्सासच्या गुलामांना मुक्तीची खबर मिळाली होती, म्हणून तिथल्या कृष्णवर्णीयांचा तो सणाचा दिवस. प्रयोगानंतर तिने जमलेल्या कृष्णवर्णीयांना विमानात बसवून शहरावरून फिरवून आणले. गावची जमीन वरून कशी दिसते हे त्या माणसांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. पुढे ती गावोगाव थिएटरांत आणि चर्चमध्ये व्याख्याने देऊ लागली, सोबत आपल्या उड्डाणांची चित्रफीत दाखवू लागली. विमान नव्हते तेव्हा तिने भाषणातून शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

मग तिच्या स्वतःच्या गावाचा, वॉक्साहाचीचा प्रसंग. मैदानाला दोन फाटके ठेवायची, गोऱ्यांचे एक आणि काळ्यांचे एक, असे आयोजकांनी ठरवले होते. बेसीने सांगितले की फाटक एकच राहील, नाहीतर विमान उडणार नाही. बोलणी झाली. फाटक एकच झाले, आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. हा विजय अर्धा होता आणि तो अर्धाच म्हणून सांगितला पाहिजे. पण ज्या गावात ही मुलगी गोऱ्यांचे कपडे धूत होती त्याच गावातले गोरे त्या दिवशी काळ्यांच्या मागे रांगेत उभे राहून एकाच फाटकातून आत गेले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांच्या आत, मार्च १९२७ मध्ये झाला.

१९२६ च्या सुरुवातीला ती फ्लोरिडात होती. ऑरलँडो येथे एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने आणि त्याच्या पत्नीने तिला घरी ठेवून घेतले. तिथे तिने केशभूषेचे दुकान काढले. पुन्हा तेच, नखे आणि केस, आणि गल्ल्यातले नाणे शाळेच्या खात्यात. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने कळवले होते की शाळा आता अगदी उंबरठ्यावर आली आहे. एका श्रीमंत गोऱ्या माणसाच्या मदतीने डॅलसमध्ये ठेवलेल्या जुन्या जेनीचे उरलेले पैसे फिटले. विल्यम विल्स नावाचा चोवीस वर्षांचा गोरा मेकॅनिक ते विमान घेऊन निघाला. जॅक्सनव्हिलला पोहोचेपर्यंत ते वाटेत अनेकदा बिघडून उतरवावे लागले. यावरून विमानाची अवस्था कळते. चांगले विमान घ्यायला पैसे नव्हते. तिच्या मृत्यूचे कारण अपघात असे लिहिले जाते. त्याखाली गरिबी हे दुसरे कारण आम्ही लिहू.

३० एप्रिल १९२६ च्या सकाळी विल्स विमान चालवत होता आणि बेसी दुसऱ्या जागेवर होती. दुसऱ्या दिवशी जॅक्सनव्हिलच्या कृष्णवर्णीय संघटनेसाठी प्रयोग होता, त्यात तिला हवाई छत्रीने उडी घ्यायची होती. जागा वाकून नीट पाहता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमानाने अचानक सूर मारला, ते उलटले आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सही विमानासकट कोसळून गेला. यंत्राच्या भागात एक पाना अडकलेला सापडला. बेसी चौतीस वर्षांची होती.

गोऱ्यांच्या बहुतेक वृत्तपत्रांत या बातमीला जागा नव्हती. कृष्णवर्णीयांच्या पत्रांनी मात्र ती देशभर पोहोचवली. जॅक्सनव्हिल, ऑरलँडो आणि शिकागो अशा तीन ठिकाणी तिचा अंत्यविधी झाला. शिकागोत सुमारे दहा हजार लोक लोटले आणि तिथे अग्रभागी होत्या आयडा वेल्स, झुंडबळीविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवणाऱ्या. शाळा उघडली नाही ती नाहीच.

ती उघडली दुसऱ्यांनी. १९२९ साली विल्यम पॉवेल या इंजिनिअरने लॉस एंजेलिसमध्ये बेसी कोलमन एअरो क्लब काढला आणि कृष्णवर्णीयांना विमान शिकवायला सुरुवात केली. शिकागोत कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन या दोन मोटार मेकॅनिकांनी कर्टिस-राइटच्या शाळेत पत्राने प्रवेश घेतला. ते समक्ष दिसताच शाळेने प्रवेश नाकारला. पैसे घेतले म्हणजे करार झाला, आता शिकवा नाहीतर कोर्टात या, असा पवित्रा त्यांच्या मोटार-विक्रेत्या मालकाने घेतला, तेव्हा शाळा नमली. दोघे १९३१ मध्ये उत्तीर्ण झाले, आणि त्याच शाळेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्यांना प्रशिक्षक नेमले. एक साधी करारभंगाची नोटीस काय करू शकते, हे आमच्या तरुण वकील मित्रांनी टिपून ठेवावे. विमानतळ वापरू देईनात तेव्हा या मंडळींनी रॉबिन्स या कृष्णवर्णीयांच्या गावात स्वतः धावपट्टी तयार केली. पुढे कॉफी यांची विमानशाळा निघाली. तिचा कारभार आणि प्रशिक्षण यांत विला ब्राउन ही शिक्षिका पुढे होती. तिने १९३८ मध्ये अमेरिकेतच परवाना मिळवला होता. १९३९ च्या नागरी वैमानिक प्रशिक्षण कायद्यात वंश, पंथ किंवा रंगावरून कोणाला प्रशिक्षण नाकारता येणार नाही असे कलम घातले गेले आणि सरकारी फी या शाळेला मिळू लागली. फीचा प्रश्न कायद्याने सुटला तेव्हा शेकडो तरुण शिकले. त्यांतले कित्येक पुढे टस्कीगीच्या सुप्रसिद्ध कृष्णवर्णीय हवाई दलात गेले.

आता आम्ही सुरुवातीला सांगितलेल्या वाटेवरचा माणूस. पेरी यंग याने विमाने धुऊन त्या बदल्यात धडे घेतले, कॉफी यांच्या शाळेत काम केले आणि टस्कीगीला उड्डाण प्रशिक्षक म्हणून सैनिकांना शिकवले. प्रशिक्षकाचे तास साठले, अनुभव साठला. युद्ध संपल्यावर तो विमान कंपन्यांच्या दारात गेला. एकीनेही घेतले नाही. त्याने शिकवलेल्या कामाला देशात मान होता, त्याच्या रंगाला नव्हता. शेवटी १९५६ च्या अखेरीस न्यूयॉर्क एअरवेज या हेलिकॉप्टरने प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपनीने त्याला घेतले. मोठ्या कंपन्यांचे दार उघडायला कोर्टातच जावे लागले. मार्लन ग्रीन हा हवाई दलातला वैमानिक १९५७ साली काँटिनेंटल कंपनीकडे गेला. कमी अनुभवाचे गोरे घेतले गेले, त्याला नाकारले. त्याने तक्रार केली. २२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ मध्ये तो त्याच कंपनीत रुजू झाला. प्रशिक्षक होऊन तास साठवण्याची वाट चांगली आहे, पण तिच्या टोकाला दार उघडे असेल याची हमी कायद्याशिवाय मिळत नाही, एवढे या दोघांच्या आयुष्यावरून वाचकांनी पाहावे.

आमच्या मुलांसाठी कायदा आणि योजना काय म्हणते, तेही लिहून ठेवतो. केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची २०१० सालची नियमावली आम्ही पाहिली आहे. तिच्या पहिल्या गटात व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम घातलेला होता. निवासी विद्यार्थ्याला महिना बाराशे रुपये निर्वाहभत्ता, आणि उड्डाणाच्या खर्चासह सर्व सक्तीची फी सरकारने द्यायची. वाचून आनंद होतो. पुढची ओळ वाचली की आनंद ओसरतो. संपूर्ण देशासाठी वर्षाला जागा वीस, आणि त्याही प्रथम येईल त्याला प्रथम या तत्त्वावर. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाख. म्हणजे तृतीय श्रेणीच्या कर्मचाऱ्याचे पोरही बाहेर, आणि आत राहिलेल्या शेतमजुराच्या पोराला ही योजना आहे हे सांगायला कोणी नाही. नियम वरचेवर बदलतात, म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी जालन्याच्या समाजकल्याण कार्यालयात चालू वर्षाची नियमावली लेखी मागावी, तोंडी उत्तरावर परत येऊ नये. लेखी मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकावा. जात वैधता प्रमाणपत्राचे प्रकरण बारावीच्या आधीच दाखल करावे, कारण प्रथम येण्याच्या शर्यतीत आमची मुले हरतात ती बहुतेक वेळा या एका कागदापायी.